उंबराचे फूल आणि उंबरातली केंबरे

प्रश्न : क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. उंबराला खरोखरच फूल येत नाही का? आणि फळ फोडल्यावर जी केंबरे उडतात, ती कीड समजायची का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : उंबराला फुले येतात, आणि ती एकेका ‘फळात’ शेकड्यांनी असतात. आपण ज्याला फळ म्हणतो तो मुळात आतून पोकळ असा फुलोरा आहे. वनस्पतिविज्ञानात त्याला कुंभासनी असे फार नेमके नाव आहे, कारण कुंभाच्या आतल्या भिंतीवर ही इवलीशी फुले दाटीने बसलेली असतात. एखादे कोवळे, कडक, हिरवे उंबर ब्लेडने उभे कापून भिंगाखाली धरावे, म्हणजे किंजल्कांचा, म्हणजे स्त्रीपुष्पांच्या पराग झेलणाऱ्या टोकांचा, मऊ थर दिसतो; तेच उंबराचे फूल.

केंबऱ्यांना कीड म्हणू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. त्यांच्यातली सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स ही गांधीलमाशीच्या गणातली, जेमतेम दोन मिलिमीटरची जात उंबराचे परागण करते. ती नसती तर उंबराला बी धरले नसते. परागाने लादलेली मादी गंधाच्या मागावर कोवळ्या उंबरापाशी येते आणि टोकाच्या खवल्याखवल्यांच्या अरुंद वाटेने आत घुसते. त्या चेपाचेपीत तिचे पंख तुटतात. खवल्यांत अडकलेले पंख भिंगातून कधीकधी दिसतातही. आत ती किंजल्कांवर पराग टाकते, काही स्त्रीपुष्पांत अंडी घालते आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडे पडत नाही, त्यांचे बी होते. पुढे काही आठवड्यांनी आधी बिनपंखी नर आपापल्या फुलांतून बाहेर येतात, माद्यांशी त्यांचे मीलन होते, आणि भिंत पोखरून ते माद्यांना वाट करून देतात. नेमकी त्याच सुमारास त्या कुंभातली पुंपुष्पे पक्व झालेली असतात. त्यांचा पराग घेऊन माद्या दुसरे झाड शोधायला निघतात. स्त्रीपुष्पे आधी आणि पुंपुष्पे कित्येक आठवडे नंतर पक्व होतात, म्हणून हा सगळा व्यवहार जमतो.

फळात या उपकारकर्त्यांखेरीज काही आगंतुकही असतात. ते आत न शिरता बाहेरूनच जाड सालीत केसासारखी अंडनलिका खुपसून अंडी घालतात. अशाच एका परजीवी जातीच्या अंडनलिकेच्या टोकाला जस्ताने कठीणपणा आलेला असतो, असे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2014 मध्ये दाखवले.

प्रश्न : जुन्या पुस्तकात उंबराचे नाव फायकस ग्लोमेराटा, नव्यात फायकस रॅसिमोजा. ही दोन झाडे आहेत का? आणि वड, पिंपळ व उंबर यांचे नाते किती जवळचे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : झाड एकच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये रॅसिमोजा हे नाव दिले, पुढे रॉक्सबर्ग या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1798 मध्ये ग्लोमेराटा. नियमाप्रमाणे आधीचे नाव टिकते.

तिन्ही झाडे फायकस या एकाच प्रजातीतली (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस), फणस आणि तुतीच्या कुलातली आहेत. हे कुल पूर्वी अर्टिकेलीझ या गणात धरत. डीएनएच्या आधारे 1998 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात ते गुलाबाच्या गणात गेले. प्रजातीच्या आत मात्र उंबराची शाखा वेगळी आहे. फळे खोडावर घोसाने लगडलेली पाहिली की हा वेगळेपणा सहज पटतो, पण कॉर्नर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1965 च्या आपल्या सूचीत फायकसची विभागणी केली ती फुलांच्या बारकाव्यांवर भर देऊन. त्या विभागणीला केंबऱ्यांचीही साक्ष मिळते, हे आम्हाला सर्वांत विलक्षण वाटते : वडाचे परागण युप्रिस्टिना मेसोनाय करते, पिंपळाचे प्लॅटिस्कापा क्वाड्रॅटिसेप्स, आणि उंबराच्या सेरॅटोसोलेनचे भाईबंद आफ्रिकेतल्या सायकोमोर या उंबराच्याच शाखेतल्या झाडावर सापडतात.