विक्रीचा आकडा फोडून वाच

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पोर्शे या महागड्या जर्मन मोटार कंपनीवरचं तुझं टिपण वाचलं. पहिलं वाक्य खोड. ‘जागतिक विक्री ३ टक्क्यांनी घटली, कारण ग्राहकाची आवड बदलली’ असं तू लिहिलंयस. घट खरी आहे. ‘कारण’नंतरचं मात्र त्या आकड्यात कुठेच नाही. २०२३ मध्ये कंपनीने ३,२०,२२१ गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या, २०२४ मध्ये ३,१०,७१८. फरक ९,५०३ गाड्यांचा. हा फरक कुठून आला ते आधी शोधायचं, आवडीनिवडीचं मग.

दोन तक्ते कर, एक बाजारपेठांचा, एक मॉडेलांचा. पहिल्यात चीन घे: ७९,२८३ वरून ५६,८८७. एकट्या चीनमध्ये २२,३९६ गाड्या कमी. आता चीन वजा करून उरलेल्या जगाची बेरीज मांड. २,४०,९३८ वरून २,५३,८३१, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त वाढ. ‘जागतिक घट’ म्हणतोस ती एका देशातली आहे. तिथेही मागे जाऊन बघ. २०२१ मध्ये चीनमध्ये ९५,६७१ गाड्या गेल्या होत्या, साधारण दर तीन गाड्यांतली एक. तेव्हापासून हा आकडा दरवर्षी उतरतोय. घरबांधणीचा बाजार बसल्याने तिथल्या पैसेवाल्यांनी हात आखडला, आणि त्याच सुमारास स्थानिक विजेच्या गाड्या अंगावर आल्या. शाओमीची एसयू७ मार्च २०२४ मध्ये २,१५,९०० युआनपासून विक्रीला आली. पडदा, सॉफ्टवेअर, फोनशी जोडणी यांवर गाडी पारखणाऱ्या तरुण ग्राहकाला जर्मन बोधचिन्हाचं पूर्वीइतकं अप्रूप राहिलं नाही. आवड बदलल्याचं विधान इथे टिकतं, पण ते चीनपुरतंच लिही.

मॉडेलांच्या तक्त्यात खरी गंमत आहे. विजेवरची टायकान ४०,६२९ वरून २०,८३६ वर आली, जवळपास निम्मी. ‘लोक विजेच्या गाड्यांना विटले’ असं लिहायचा मोह होईल. आवर. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मकान या लहान एसयूव्हीची विजेवरची आवृत्ती यायला लागली आणि १८,२७८ गेल्या. दोन्ही मिळवल्या तर ३९,११४. विजेच्या गाड्यांची बेरीज जवळपास जागच्या जागी आहे. फक्त बुटक्या, लांबट गाडीकडून ती उंच एसयूव्हीकडे सरकली. शिवाय टायकानची सुधारित आवृत्ती त्याच वर्षी आली. आवृत्ती बदलते त्या वर्षी ग्राहक जुनी घेत नाही, नवीसाठी थांबतो आणि नवी सगळीकडे वेळेवर पोचत नाही. नव्या मकानच्या आकड्यातही आधीपासून नोंदणी करून बसलेले लोक आहेत, हेही विसरू नकोस. दोन्हींचं आणखी एक पूर्ण वर्ष हाती आल्याशिवाय कल ठरवू नये.

मकानची एकूण विक्री ८७,३५५ वरून ८२,७९५ झाली, तिचं कारण तर आवडीशी जोडूच नकोस. जुलै २०२४ पासून युरोपीय संघात गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सायबर सुरक्षेचे नियम लागू झाले. जुनी पेट्रोल मकान त्यांत बसत नव्हती, म्हणून तिथली तिची विक्री थांबली. इतरत्र ती चालूच राहिली. ग्राहकाला हवी असूनही मिळाली नाही, तर तो कायद्याचा परिणाम.

या सगळ्यात केयेन ही मोठी एसयूव्ही ८७,५५३ वरून १,०२,८८९ वर गेली. केयेन आणि मकान मिळून विक्रीचा साठ टक्के भाग होतो. ‘९११’ ही स्पोर्ट्स कार पन्नास हजारांच्या आसपास स्थिर. नाव तिच्यामुळे, पोट एसयूव्हीवर. (कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकात वाढलेला आकडा वर आणि घटलेला खाली असतो. पत्रक खालून वाचायची सवय लाव.)

गाड्यांची संख्या ३ टक्क्यांनी घटली तरी महसूल ४०.५३ अब्ज युरोवरून ४०.०८ अब्जावरच आला. म्हणजे महागड्या गाड्या आणि जादा पर्याय घेणारे टिकून आहेत. मात्र महसुलाला गाड्यांच्या संख्येने सरळ भागू नकोस, त्यात कर्जव्यवसायही धरलेला असतो. वाहन विभागाचा महसूल वेगळा छापतात, तो घे. महसुलावरचा कार्यकारी नफा १८ वरून १४.१ टक्क्यांवर उतरला, ते मात्र ठळक लिही.

भारताशी तुलना घालणार असशील तर मोजणी एकच आहे ना ते बघ. सियाम ही वाहन उत्पादकांची संघटना कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्या मोजते, फाडा ही डीलरांची संघटना आरटीओत नोंदलेल्या. पोर्शेचा आकडा ग्राहकाला दिलेल्या गाड्यांचा आहे, तेव्हा फाडाच्या शेजारी ठेव.

पनामेरा ही चार दारांची मोठी गाडी तू सोडूनच दिलीस. ३४,०२० वरून २९,५८७. तिची नवी पिढी त्याच वर्षी आली आणि चीन हा तिचा मोठा बाजार. घटीतलं किती पिढीबदलाच्या खाती आणि किती चीनच्या, ते बाजारपेठवार मांडून टिपण पुन्हा पाठव.