कप कुठल्या हातात होता?

ठाणे (पश्चिम)

अनेक आशीर्वाद.

मालिका करू की सूत्रसंचालन, असं तू विचारलंस. दोन्ही कर, पण एकाची सवय दुसऱ्यात नेऊ नकोस.

ऑडिशन हल्ली बहुतेकदा घरूनच पाठवायची असते. ट्यूबलाइट बंद कर, दिवसा खिडकीकडे तोंड करून उभी राहा. मोबाइल आडवा आणि डोळ्यांच्या उंचीला. समोरचे संवाद वाचणाऱ्याने कॅमेऱ्याला अगदी खेटून उभं राहावं; तो पलंगावर जाऊन बसला की तुझा अर्धाच चेहरा दिसतो. वाचताना आवाज मात्र त्याने खाली ठेवावा, माइक त्याच्याच जवळ असतो. नाव, वय, उंची सांगताना घोडबंदर रोडला राहतेस हेही सांग. तिकडे मालिकांची शूटिंगं चालतात, आणि सातच्या कॉलटाइमला, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेला, पोचणारी मुलगी प्रॉडक्शनला हवीच असते. अंधेरीला बोलावलं तर घाटकोपरहून मेट्रोने वर्सोवा गाठ. रोल देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला उत्तरही देऊ नकोस.

सेटवर सीन बऱ्याचदा मेकअपच्या खुर्चीतच हातात पडतो. या सीनमध्ये समोरच्याकडून आपल्याला काय हवंय, ते आधी एका ओळीत लिही. संवाद लवकर बसतात. मग मास्टर होतो, म्हणजे सगळे दिसतील असा अख्ख्या सीनचा शॉट; त्यानंतर तोच सीन पुन्हा करत एकेकाच्या चेहऱ्याचे क्लोज. समज, वाक्य आहे, ‘आई, मी जाणार नाही.’ मास्टरमध्ये ‘आई’वर उजव्या हाताने कप उचललास आणि ‘नाही’वर ठेवलास, तर तासाभराने क्लोजमध्येही तोच हात, तोच शब्द. चुकलीस तर संकलकाला कट जुळत नाही, तो सरळ आईचा चेहरा लावतो. तुझं वाक्य ऐकू येतं, तू दिसत नाहीस. नव्यांचे किती तरी क्लोज असेच जातात, आणि मग ‘मला डावललं’ म्हणून रडारड. म्हणून हालचाली मोजक्या ठेव, आणि केलेली प्रत्येक हालचाल स्क्रिप्टच्या समासात पेन्सिलने टिप. कपात अर्धा कप पाणी तरी मागून घे. रिकामा कप उचलणारं मनगट खोटं दिसतं.

सूत्रसंचालनात नेमकं उलटं. मालिकेत लेन्सकडे बघायचं नसतं, इथे लेन्स हाच प्रेक्षक. कानात कंट्रोल रूममधून ‘तीस सेकंद’, ‘दहा’, ‘आवर’ असं येत राहतं आणि तोंडचं वाक्य तुटू द्यायचं नसतं. सराव घरीच होतो: इअरफोनवर बातम्या लाव आणि भलताच मजकूर मोठ्याने वाच. पहिल्या दिवशी मिनिटभरात अडखळशील, हरकत नाही. एकाच पाहुण्याची ओळख घड्याळ लावून 60, 30 आणि 15 सेकंदांत करून बघ. 15 सेकंदांत काय गाळायचं, तिथे खरी परीक्षा. कॅमेऱ्यासमोर मजकूर सरकवणाऱ्या प्रॉम्प्टरच्या मागे धावू नकोस, ऑपरेटरने तुझ्या वेगाने चालायचं असतं. नावाचा उच्चार पाहुण्यालाच विचार. काठपदराच्या साडीत कपड्याला टोचायचा छोटा लेपल माइक पदरापासून लांब लावून घे, नाहीतर नुसती खरखर. गडकरी रंगायतनला किंवा घाणेकर नाट्यगृहात एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमाचं निवेदन मिळालं तर मानधन न बघता घे.

आता पैसे. मालिकेत ते दिवसावर ठरतात आणि साधारण 90 दिवसांनी हातात येतात, म्हणजे जूनचे पैसे सप्टेंबरअखेर, तेही 10 टक्के टीडीएस कापून. चार महिन्यांचं भाडं बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नकोस. करारात महिन्याला किमान किती दिवस काम आणि दुसऱ्या वाहिनीवर सूत्रसंचालन करता येईल का, ही दोन कलमं शोध. किमान दिवस लिहिलेले नसतील आणि दुसरीकडे बंदी असेल, तर मालिकेतला तुझा ट्रॅक, म्हणजे तुझ्या पात्राचं कथानक, मागे पडल्यावर महिन्यात चारच दिवस बोलावतील आणि बाकीचे सव्वीस तू घरी बसशील. सही करण्याआधी कराराचा फोटो नको, पूर्ण पीडीएफ मला पाठव.