डीपीचा खर्च तुमचा असेल तर आधी तारीख बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि माझाच जुना अर्ज कोणी पुन्हा टाइप केला की काय असं वाटलं. तुमचं दारव्ह्याकडचं वावर, 2022 मध्ये स्वतःच्या पैशानं उभे केलेले पाच पोल आणि 25 केव्हीएची डीपी (ट्रान्सफॉर्मर), गेल्या दिवाळीनंतर त्याच डीपीवर शेजारच्या तीन मोटारी. आता डीपी जळाली तर महावितरणचे साहेब म्हणतात, "तुमची आहे, तुम्ही आणा." त्यात गावात हूल उठली की फ्रँचायझी येणार, मग आपल्या लाइनचं काय.

फ्रँचायझीचं आधी उरकतो. वीज कायदा 2003 मध्ये फ्रँचायझी म्हणजे परवानाधारक कंपनीच्या वतीनं ठरावीक भागात वीज वाटणारा. परवाना त्याच्या नावावर होत नाही, कंपनीची जबाबदारीही सुटत नाही. नागपुरात तीन विभाग 2011 ला फ्रँचायझीकडं गेले, 2019 ला परत आले. पोल कुठं गेले नाहीत, जिथल्या तिथं उभे आहेत. तेव्हा त्या हुलीपायी झोप घालवू नका. तुमचं दुखणं वेगळं आहे, घातलेला पैसा परत मिळेल का हे.

नव्या जोडणीचा ए-1 फॉर्म, डिमांड (कंपनीनं मागितलेली रक्कम), टेस्ट रिपोर्ट हे तुम्ही केलंच असणार, ते सांगत बसत नाही.

माझं 2013 चं आहे. वरूडकडं संत्र्याची बाग, विहिरीपासून लाइन साडेतीनशे मीटर. डिमांड भरून अडीच वर्षं झाली होती. मग कोणीतरी कानात सांगितलं, स्वखर्चानं करून घ्या, महिन्यात मोटर चालू. ठेकेदार धरला, दोन लाख पस्तीस हजार गेले. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलं की "सदर खर्चाची मागणी भविष्यात करणार नाही." वाचलं होतं मी ते, खोटं कशाला बोलू. पण आंबिया बहार समोर दिसत असताना माणूस कशावरही सही करतो.

जानेवारी 2015 मध्ये वायरमन शिडी घेऊन आला आणि माझ्या डीपीवर चार मोटारी जोडून गेला. एप्रिलमध्ये, ऐन उन्हात, डीपी उडाली. खाली तेल सांडलेलं, माती काळी पडलेली, जळका वास दोन दिवस धुऱ्यापर्यंत येत होता. ऑफिसात गेलो (कोणतं ते लिहीत नाही, तिथं आता माणसंही बदलली) तर म्हणाले, डीपी तुमची, दुरुस्ती तुम्ही बघा. मी म्हटलं, बरं, माझी ना? मग त्या चार मोटारी काढा. तर त्याच टेबलावरून, त्याच माणसाकडून उत्तर आलं, "असं कसं, डीपी कंपनीची आहे." हसावं का रडावं! शेवटी पाचही जणांनी वर्गणी केली, माझ्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जळकी डीपी घालून नेली आणि दुसरी आणली. तोवर अर्धी बाग गळली होती.

आता मुद्दा. स्वखर्चाची कामं दोन प्रकारची असतात आणि सगळा खेळ तिथंच आहे. एक डीडीएफ, म्हणजे फक्त तुमच्यासाठीची समर्पित सुविधा. त्यात खर्च तुमचा, 1.3 टक्के देखरेख शुल्कही तुमचं, परतावा नाही. दुसरी नॉन-डीडीएफ, त्यात खर्च तुम्ही करता आणि कंपनी तो बिलातून वळता करते. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांत डीडीएफची व्याख्या अशी आहे की ती सुविधा स्पष्टपणे आणि केवळ एका ग्राहकासाठी, किंवा एकाच किंवा लगतच्या जागेतल्या ग्राहकांच्या गटासाठी असावी. तुमच्या डीपीवर परक्या तीन मोटारी आल्या, मग ती "केवळ" कुठं राहिली? समोरचे "लगतची जागा" हा शब्द धरून ठेवतील, तयारीत राहा. माझं मत विचाराल तर तुमच्याशी अर्जात नसलेला, नंतर चिकटवलेला शेजारी म्हणजे गट नव्हे. पण हे माझं मत, मी वकील नाही.

हे मला कधी कळलं? 2017 मध्ये. आणि माझी खरी चूक इथंच झाली. स्टॅम्पवरची सही नव्हे, त्यावर भांडता आलं असतं. पण दोन वर्षं मी नुसता तोंडी फिरत राहिलो. दर सोमवारी जायचं, "फाईल वर पाठवली", "साहेब मीटिंगला", चहा प्यायचा, परत यायचं. एका कागदावर आवकचा शिक्का नाही! ऑगस्ट 2017 ला वीज ग्राहकांच्या तक्रार निवारण मंचात गेलो तेव्हा पहिलाच प्रश्न, तक्रारीचं कारण कधी घडलं? जानेवारी 2015. मुदत दोन वर्षांची. सात महिने उशीर, अर्ज बाद. कारकुनाशी गोड बोलून काम होईल असं ज्यांना वाटतं त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तो गोडवा मला दोन लाख पस्तीस हजाराला पडला.

तुमच्याकडं वेळ आहे असं दिसतं. परक्या मोटारी जोडल्याची तारीख धरली तर नक्कीच, 2022 ची धरली तर अडचण. म्हणून अर्जात पहिल्याच ओळीत ती जोडणीची तारीख टाका. शेजाऱ्यांच्या पहिल्या बिलाची झेरॉक्स मिळाली तर सोनं. आवक कारकून "शाई वाळली" म्हणाला तर थांबा, नाहीतर पोस्टानं रजिस्टर करा. मंचानं फेटाळलं तर 60 दिवसांत नागपूरला विद्युत लोकपालाकडं जाता येतं.

जळालेल्या डीपीसाठी वेगळा अर्ज द्या, दोन्ही एकात घुसडू नका. ग्रामीण भागात डीपी बदलायला 48 तासांचं मानक आहे, ते आकड्यासकट लिहा. आणि रागाच्या भरात शेजाऱ्यांच्या वायरी कापू नका, केस तुमच्यावरच होईल.

एक किडा अजून. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 पासून वीज मोफत आहे. बिलच शून्य, तर परतावा वळता कशात करणार? हे लेखीच विचारा, तोंडी उत्तर घेऊ नका. कोणी म्हणेल सोडा ना, सौर पंप घ्या, दहा टक्केच भरायचे. घ्या की, पण आमच्याकडच्या खोल बोअरला ढगाळ दिवसात तो किती पाणी ओढतो ते आधी कोणाच्या तरी वावरात उभं राहून बघा.

तुमच्या मंजुरीपत्रावर "डीडीएफ" छापलंय का, की पेनानं लिहिलंय? ग्राहक क्रमांक झाकून तेवढा फोटो टाका, मग पुढचं सांगतो.