धुक्यातली गाडी, खाडीवरची गाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं शेत पुलगावजवळ रेल्वेलगत आहे. डिसेंबरात पहाटे धुऱ्यावर उभं राहून 70-300 मिलीमीटरच्या झूम लेन्सने गाड्यांचे फोटो काढतो. डोळ्यांना भारी दिसतं, फोटो मात्र राखेसारखा येतो. इंजिन पुसट, आणि निम्म्या फोटोंत फोकसच नसतो. कोणतं सेटिंग चुकतंय?
— एक वाचक, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : सेटिंगच्या आधी अंतर बघा. 300 मिलीमीटरवर लांबची गाडी जवळ ओढली जाते, पण मधलं धुकंही तिच्यासोबतच येतं. ते कापणारी लेन्स कुणी बनवलेली नाही. धुकं मोजायची फूटपट्टी मात्र तुमच्यासमोरच उभी आहे : विजेच्या तारांचे खांब. सरळ रुळावर दोन खांबांत साधारण 60 ते 70 मीटर धरा, वळणावर कमी. पाच खांब दिसले की नजर 300 मीटरपर्यंत पोचते. पाचव्या खांबाशी नुसता दिवा दिसेल, तिसऱ्याशी इंजिनाचा आकार, पहिल्याशी रंग आणि नंबर. फोटो घ्यायचा तो तिसरा आणि दुसरा यांच्यामध्ये. तिथे 70 ते 135 मिलीमीटर भरपूर झाले. तीनच खांब दिसत असतील तर झूम पिशवीत ठेवा आणि 35 मिलीमीटरची लेन्स लावा.

हातात वेळ किती असतो, तेही याच खांबांवरून कळतं. ताशी 75 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 21 मीटर कापते. म्हणजे दिवा दिसल्यापासून गाडी तुमच्यासमोर येईपर्यंत 15 सेकंदसुद्धा नाहीत. तेवढ्यात फोकस शोधत बसलात तर गाडी गेली. धुक्यात कडा नसतात, त्यामुळे ऑटोफोकस पुढे-मागे घरघरत राहतो. तुमचे निम्मे फोटो त्यातच जातात. गाडी येण्याआधी दुसऱ्या खांबावरच्या नंबराच्या पाटीवर फोकस लावा, लेन्स मॅन्युअलवर टाका आणि मग रिंगला हात लावू नका.

आता राखेसारखा रंग. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचा पांढरा उजेड करडा करायला जातं, म्हणून धुकं काळवंडतं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, 0.7 ते 1.3 स्टॉपने वर घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). पण ऑटोवर ठेवलंत तर हेडलाइट दिसताच मीटर पुन्हा दचकतं आणि फोटो अंधारतो. त्यापेक्षा रिकाम्या रुळावर मोजून मॅन्युअलवर पक्कं करा. उजाडल्यावर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 800, लेन्सचं छिद्र एफ 5.6 आणि शटर 1/500 सेकंद इथून सुरुवात करा. त्याआधीच्या निळ्या उजेडात आयएसओ 1600 किंवा 3200 लागेल, लागू द्या. जास्त आयएसओने फोटोत येणारे दाणे धुक्यात फारसे डोळ्यांत खुपत नाहीत. समोरून येणाऱ्या गाडीला 1/500 चालतं, आडव्या जाणाऱ्या गाडीला 1/1000 हवं. हेडलाइट पांढराफटक होणारच, तो वाचवायच्या नादात इंजिन काळं करू नका. व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) ऑटोवर ठेवलात तर पहाटेचा निळेपणा धुऊन निघतो, 5200 केल्विनच्या आसपास बांधून ठेवा.

लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर काढा. हेडलाइटचा उजेड सेन्सरवरून फिल्टरवर आपटून परत येतो आणि फ्रेमच्या समोरच्या कोपऱ्यात फिकट हिरवा ठिपका उमटतो. नंतर तो पुसत बसण्यात तास जातो.

तुमच्याकडचा मार्ग साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो. त्यामुळे वर्ध्याकडून येणारी गाडी उजेडातून बाहेर येते, तिचीच वाट बघा. बडनेऱ्याकडून येणारीवर समोरून उजेड पडतो आणि धुक्यात ती सपाट दिसते.

धुऱ्यावर उभे राहता ते ठीक, रुळालगत मात्र जाऊ नका. रेल्वे कायदा 1989च्या कलम 147नुसार हद्दीत घुसणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय विजेचं इंजिन फार आवाज करत नाही. दुहेरी मार्गावर एका गाडीच्या खडखडाटात उलट दिशेची दुसरी ऐकूच येत नाही. आणखी एक : पुलगावला लष्कराचं दारूगोळा भांडार आहे. त्या कुंपणाच्या दिशेने कॅमेरा वळवू नका.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. वैनगंगेच्या काठावरून पुलावरची गाडी टिपतो, पण इंजिनाच्या जागी पांढरा गोळा येतो.
— एक वाचक, ता. तुमसर, जि. भंडारा

उत्तर : आधी लेन्स सुती कापडाने पुसा. बोटाचा तेलकट डाग दिव्याचा उजेड चहूकडे पसरवतो, निम्मा गोळा त्याचाच असतो. मग स्क्रीनवर दिसणाऱ्या पुलाच्या खांबावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. नाइट मोड बंद करा. तो अनेक फ्रेम एकत्र करतो, त्यामुळे चालती गाडी भुतासारखी दुहेरी होते. फ्लॅशही बंद : तो समोरचे थेंबच उजळतो. बोटांनी झूम करू नका, बर्स्टवर (एका दमात लागोपाठ फोटो) काढा आणि घरी हवा तेवढा भाग कापून घ्या. नदीची वाफ सूर्योदयाच्या आगेमागे अर्धा तास सगळ्यात दाट असते, कारण पाणी रात्रभर गार झालेल्या हवेपेक्षा कोमट असतं. त्या वेळी पुलाच्या खांबांचे पाय दिसेनासे होतात आणि वर गाडी अधांतरी चालते. उंचावर न चढता पाण्याच्या पातळीवरूनच काढा.

प्रश्न : जानेवारीत चार दिवस कोकणात जाणार आहे. समुद्र, धुकं आणि गाडी एका फ्रेममध्ये हवी. कुठे उभं राहू? सामान काय नेऊ?
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : रत्नागिरी-सिंधुदुर्गात समुद्र आणि गाडी एका फ्रेममध्ये शोधाल तर चारही दिवस वाया जातील. 1998 साली पूर्ण सुरू झालेली कोकण रेल्वे तिथे किनाऱ्याने नाही, आतून डोंगर पोखरत जाते. धुकं मिळतं ते नद्यांवर, खाड्यांवर आणि दऱ्यांत. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच आहे. दरी भरली की खालचे खांब बुडतात आणि वरचा पट्टा तेवढा उरतो. पुलावर नव्हे, समोरच्या उतारावरून काढा. मार्ग बहुतेक एकेरी असल्याने गाड्या क्रॉसिंगला, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला, थांबतात : तासभर काही नाही, मग लागोपाठ दोन. तुमच्याकडच्यापेक्षा तिथे सूर्य पंधरा-वीस मिनिटं उशिरा उगवतो, त्यात पूर्वेला सह्याद्री आड येतो. म्हणून धुकं असताना लालसर ऊन मिळेल, हा हिशेब इथला तिथे लावू नका. गाडीला पाणी खेटूनच हवं असेल तर ओडिशात जा. हावडा-चेन्नई मार्ग चिलिका सरोवराच्या काठाने जातो आणि सरोवर पूर्वेच्या अंगाला असल्याने उगवता सूर्य पाण्यावरून येतो.

सामानात मोठा झूम नसला तरी चालेल, जाड पॉलिथिन पिशवी मात्र न्या. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत हा त्रास फारसा जाणवत नाही, पण किनाऱ्यावर एसी खोलीतून गार कॅमेरा बाहेर काढला की दमट हवेने काच दोन मिनिटांत पांढरी होते. पुसली तरी पुन्हा येते, आणि लेन्सच्या आत बसलेली वाफ पुसताच येत नाही. निघण्याच्या तासभर आधी कॅमेरा पिशवीत घट्ट बांधून खोलीबाहेर ठेवा. थेंब पिशवीच्या बाहेर जमतील. पूर्ण कोमट झाल्याशिवाय गाठ सोडू नका आणि बाहेर लेन्स बदलू नका. समुद्राकाठी फिरलात तर खारं पाणी वाळायच्या आत ओलसर कापडाने बॉडी पुसा आणि ट्रायपॉडचे पाय त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पायांचे स्क्रू महिन्याभरात अडकतात.