गाऊन रंगवण्याआधी शिवण बघ

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला. कॉपी करतेयस त्या पोर्ट्रेटमधल्या गाऊनला चमक येत नाहीये, पांढरा वाढवला की खडू फासल्यासारखं दिसतं, असं म्हणतेस. अगं, तू चमक रंगवतेयस, कापड नाही. बाई श्रीमंत होती एवढं मनात धरून बसलीस तर असंच होणार, आधी ते कापड कुणी विणलं, कुणी शिवलं हे बघ.

फ्रेंच चित्रकार अँग्रचं लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं, बसलेल्या मादाम म्वातेसिएचं पोर्ट्रेट काढ. १८४४ ला हातात घेतलेलं काम १८५६ ला संपलं आणि सहीसोबत म्हाताऱ्याने स्वतःचं वयही टाकलंय, ७६. त्या १२ वर्षांचं कौतुक सगळेच करतात, मलाही आहेच. पण अशा भारी रेशमासाठी नाव होतं फ्रान्समधल्या ल्यों शहराचं, आणि तिथले विणकर उंच छताच्या खोल्यांत राहायचे कारण जॅकार्डचा, म्हणजे नक्षी विणायचा, माग जवळजवळ ४ मीटर उंच, म्हणजे माग होता म्हणून घर तसं, तिथेच काम तिथेच झोप. १८३१ मध्ये त्यांनी मजुरीचा किमान दर मागितला, तो ठरलाही, पण बऱ्याच व्यापाऱ्यांनी पाळला नाही, मग ते रस्त्यावर उतरले. पोर्ट्रेट सुरू झालं त्याच्या फक्त १३ वर्षं आधी.

आणि शिवणाऱ्या? १८६३ च्या जूनमध्ये लंडनला मेरी अ‍ॅन वॉकली नावाची २० वर्षांची मुलगी वारली, नाचाच्या मेजवानीचे गाऊन वेळेत द्यायचे म्हणून सलग साडेसव्वीस तास शिवत होती, एका कोंदट खोलीत ३० जणी. मी हे पहिल्यांदा वाचलं त्यानंतर कितीतरी दिवस मला पोर्ट्रेटमधली झालर नुसती झालर म्हणून बघता आली नाही, अजूनही येत नाही.

चित्रकार सार्जंटचं एलन टेरी बघ, १८८९ चं, ती बड्या घरातली बाई नाही, नटी, शेक्सपिअरच्या नाटकातल्या लेडी मॅकबेथच्या वेषातली. तो हिरवा ड्रेस अजून टिकून आहे, त्यावर भुंग्यांचे साधारण हजार पंख शिवलेत. आणि इथे निदान नावं तरी राहिली, डिझाइन अ‍ॅलिस कॉमिन्स कारचं, शिवून घेतला अ‍ॅडा नेटलशिपने. पण एकेक पंख टाकणाऱ्या बोटांची नावं मला कुठे सापडली नाहीत.

लेडी ससूनच्या १९०७ च्या पोर्ट्रेटमध्ये तर सार्जंटने काळा टाफेटा, म्हणजे कडक रेशमी कापड, ओढून, पिना लावून गुलाबी अस्तर हवं तसं बाहेर काढलं, म्हणजे शिंप्याचं काम पुढे त्याने केलं.

आता तुझं. टाफेटाची घडी टोकदार मोडते, सॅटिनचा उजेड लांब वाहतो, मखमल समोरून काळपट आणि वळणाच्या कडेला उजळते. सावल्या पातळ ठेव, जाड पांढरा शेवटी आणि अगदी थोडा. पण त्याआधी पेन्सिलने फक्त शिवणी काढ, चुण्या कमरेत कुठे गोळा झाल्यात, ताण कुठे पडलाय ते. चेहरा, दागिने काही नको. ते शिवणींचं ड्रॉइंग मला रविवारपर्यंत पाठव.

तुझी ताई