बॅटरी संपून बंद पडलेला फोन चार्जिंग घेत नाही, सुरूही होत नाही. दुकानदार म्हणतो बोर्ड गेला. खरंच गेला असेल का?

टाइप-सी पोर्टचा अँड्रॉइड फोन रात्री बॅटरी संपून बंद झाला, सकाळी चार्जरला लावला तरी बॅटरीचं चिन्ह येत नाही, आणि दुकानदाराने मागचं कव्हर न काढताच निदान केलं, असं गृहीत धरू. नुसता वरवर बघून बोर्ड, म्हणजे फोनचं मुख्य सर्किट, गेला हे कुणालाच सांगता येत नाही. स्क्रीन काळी असण्यामागे तीन निरनिराळी कारणं असतात. फोनपर्यंत करंट पोचत नसेल, पोचत असूनही बॅटरी फार खाली गेली असेल, किंवा फोन चालू असून फक्त डिस्प्ले गेला किंवा सॉफ्टवेअर अडकलं असेल. आधी यातलं नेमकं कोणतं ते शोधा, खर्चाचं नंतर बघू.

तिसरं कारण लगेच तपासता येतं. दुसऱ्या फोनवरून कॉल लावा. रिंग वाजली किंवा फोन थरथरला, तर बिघाड डिस्प्लेचा किंवा त्याला बोर्डाशी जोडणाऱ्या पट्टीचा आहे. काहीच झालं नाही, तर चार्जर लावलेला ठेवून सॅमसंगमध्ये पॉवर आणि व्हॉल्यूम कमी करायचं बटण एकत्र दाबून धरा, बाकीच्या बऱ्याच फोनमध्ये नुसतं पॉवरचं. ३० सेकंद बोट उचलायचं नाही. लोक दहाव्या सेकंदाला सोडून देतात.

मग पोर्ट. सगळ्यात जास्त फोन इथेच अडतात. केबल खोचल्यावर 'टक्' असं जाणवतं का, आणि पिनचा धातूचा भाग पूर्ण आत जातो का ते बघा. किंचित बाहेर राहत असेल, तर तळाशी खिशातले धागे आणि धूळ दाबून बसलेली आहे. दुसऱ्या फोनच्या टॉर्चच्या उजेडात हा थर करडा, नमद्यासारखा दिसतो. फोन बंद ठेवून, लाकडी टूथपिक ब्लेडने चपटी तासून, पोर्टच्या मधोमध असलेल्या पातळ जिभेला धक्का न लावता कडेकडेने तो उकरून काढा. सुई, टाचणी, सिम काढायची पिन अजिबात नको. त्या जिभेवरचे संपर्क फार नाजूक असतात. ते वाकले की साफसफाईचं काम पोर्ट बदलण्यावर जातं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, संपर्कांवर हिरवट थर दिसला तर तो गंज आहे. तो टूथपिकने निघणार नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दुकानात साफ करून घ्या.

आता एक चाचणी, जी फारसं कुणी सांगत नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जर एकदम वीज सोडत नाही. समोर फोन आहे ही खूण सीसी नावाच्या पिनवर मिळाली, तरच ५ व्होल्ट येतात. ती पिन मळली किंवा तुटली, की चार्जर आणि केबल धडधाकट असूनही फोनला शून्य. म्हणून केबल उलटी करून लावा, कारण उलटी केल्यावर पोर्टमधली दुसरी सीसी पिन कामाला लागते. नंतर जुन्या चौकोनी यूएसबी-ए चार्जरवर, ए-टू-सी केबलने लावा. तिथे ५ व्होल्ट कायम असतात. एका बाजूने किंवा फक्त जुन्या चार्जरवर फोन चार्ज झाला, तर दोष बहुधा पोर्टचा, केबलचा किंवा चार्जरचा आहे, बोर्डावर संशय घ्यायचं फारसं कारण उरत नाही.

पोर्ट स्वच्छ आणि चार्जर दुसऱ्या फोनवर चालत असेल, तर थांबायला शिका. लिथियम बॅटरी ३ व्होल्टच्या खाली गेली, की फोन तिला आधी अगदी थोडा करंट देतो, आणि तोवर स्क्रीन पेटत नाही. लॅपटॉपला न लावता भिंतीच्या चार्जरवर तासभर सोडा, मधेमधे बटण दाबू नका. चार्जर आणि केबलच्या मधे लावून करंट दाखवणारा यूएसबी मीटर मिळाला तर उत्तमच. सतत ०.०० अँपिअर म्हणजे करंट आत जातच नाही. ०.१ च्या आसपास दिसून हळूहळू वाढत असेल तर बॅटरी सावरते आहे. दर काही सेकंदांनी आकडा वर जाऊन पडत असेल, तर फोन सुरू व्हायचा प्रयत्न करून कोसळतो आहे. मात्र मागचं कव्हर उचललं गेलं असेल, तर बॅटरी फुगली आहे. तिथे चार्जिंग लगेच बंद करा आणि कव्हर दाबून बसवू नका.

एवढ्याने जमलं नाही, तर दुकानात तीन गोष्टी करून बघायला सांगा. बॅटरीचे व्होल्ट मल्टिमीटरवर मोजायचे, चार्जिंगचा सब-बोर्ड (पोर्ट बसवलेला छोटा वेगळा बोर्ड) दुसरा लावून बघायचा, आणि बॅटरी काढून फोन डीसी सप्लायवर, म्हणजे बॅटरीऐवजी वीज देऊन करंट दाखवणाऱ्या दुकानातल्या यंत्रावर, घ्यायचा. सप्लायवर बटण दाबायच्या आधीच बराच करंट खेचला जात असेल, तर मुख्य बोर्डावर शॉर्ट आहे, मग दुकानदाराचं म्हणणं खरं. बरेच महिने कपाटात मेलेली पडून राहिलेली बॅटरी थेट सप्लाय देऊन 'बूस्ट' करू देऊ नका. अशा सेलमध्ये आतलं तांबं विरघळून नंतर शॉर्ट व्हायची भीती असते. नवीन बॅटरीच घाला.

आणि फोटो, कागदपत्रं हवी असतील तर काम देण्याआधीच सांगा, की विचारल्याशिवाय सॉफ्टवेअर मारायचं नाही, म्हणजे नव्याने टाकायचं (फ्लॅश करायचं) नाही. फ्लॅश करताना बहुतेक वेळा आतलं सगळं पुसलं जातं, आणि करंटच आत जात नसेल तर त्याने फोन सुरूही होत नाही.