नऊ नंबरच्या पोराला

प्रिय नऊ नंबर,

रविवारी फुटबॉलची मॅच संपल्यावर तू कुणाशी न बोलता सायकल काढून निघालास. मी हाक मारली होती. तुला ती ऐकू आली नसेल, किंवा ऐकायची नसेल. दोन्ही मी समजू शकतो. भिंतीवर बसलेली पोरं पूर्ण मॅचभर तुझ्या मागे लागली होती. "ए लंबू, गोल मार की बे!" "काढा की याला बाहेर!" नऊ नंबर म्हणजे पुढे उभा राहून गोल मारणारा, एवढंच त्यांना माहीत. आपण २–० जिंकलो, तरी तुझा चेहरा हरल्यासारखा होता. म्हणून हे लिहायला बसलोय. समोरासमोर बोललो असतो तर तू नुसता "हो सर, हो सर" करत बसला असतास.

आधी पहिला गोल. तो तुला नीट दिसलाच नाही, कारण तुझी पाठ गोलकडे होती. आपल्या गोलीनं लांब मारलेला बॉल खाली येत असताना तू डावा हात मागे नेऊन त्यांचा स्टॉपर, म्हणजे मधला बचाव करणारा, कुठे आहे ते चाचपलंस, कंबर खाली घेतलीस, बॉल छातीवर झेलून खाली पडायच्या आत उजव्या विंगला सोडलास. त्यांचे दोन्ही बॅक तुला चिकटलेले होते, त्यामुळे विंगवाल्यासमोर मोकळं रान होतं. गोल झाला, सगळे त्याच्याकडे धावले. तू तेव्हा घोटा धरून खाली बसला होतास.

मी वीस वर्षं स्टॉपर खेळलो. चपळ फॉरवर्ड एकदा चुकवून निघून जातो, वाईट वाटतं, पण अंग दुखत नाही. तुझ्यासारखा पाठ लावून उभा राहणारा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी कूस बदलताना बरगड्या बोलायच्या. रात्री झोपेतसुद्धा मी त्याला ढकलत असायचो. त्याच्यावर लक्ष ठेवण्यात मी इतका गुंतायचो की मागून कोण पळतंय याचं भान राहायचं नाही. आमच्यावर झालेल्या निम्म्या गोलांच्या वेळी माझी नजर अशाच माणसावर होती आणि गोल मारणारा दुसराच असायचा.

पण भिंतीवरच्या पोरांना हे कसं दिसणार? आपलं सोलापूर क्रिकेटवर वाढलेलं. किती धावा काढल्या, किती विकेट घेतल्या, माणसाच्या नावापुढे आकडा पाहिजे. शिवाय तुझ्याआधीचा नऊ नंबर पुण्याला नोकरीला गेला, तो वर्षाकाठी पंधरा-वीस गोल मारायचा. त्याच्यावर त्यांचा जीव होता. तू त्याच्या जागी आलास, हाच तुझा पहिला गुन्हा. अर्धी शिवी तुझ्यासाठी असते आणि अर्धी तो आता इथं नाही याची हळहळ असते.

फ्रान्सचा फॉरवर्ड ऑलिव्हिए जिरू, त्याचं नाव तू ऐकलं असशील, पण त्याची पुरी कथा तुला कुणी सांगितली नसेल. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आर्सेनल या इंग्लंडमधल्या क्लबचा लाडका फॉरवर्ड रॉबिन व्हॅन पर्सी थेट मँचेस्टर युनायटेडला गेला आणि त्याच आठवड्यात सीझन सुरू झाला. पुढे कोण, तर फ्रान्समधून आलेला जिरू. पहिल्याच मॅचमध्ये सोपा चान्स त्यानं बाहेर मारला, मॅच ०–० सुटली. लोकांनी तिथंच मनात गाठ मारून घेतली. २०१५ च्या फेब्रुवारीत मोनॅकोविरुद्ध घरच्या मैदानावर त्यानं चान्सवर चान्स घालवले आणि आर्सेनल ३–१ हरलं. लोक चिडले ते काही उगाच चिडले नव्हते. त्यानं काय केलं? चार दिवसांनी एव्हर्टनविरुद्ध गोल मारला आणि मोनॅकोला जाऊन परतीच्या मॅचमध्येही मारला.

त्याच्या देशातली गोष्ट आणखी कडू आहे. दुसरा फॉरवर्ड करीम बेन्झेमा फ्रान्सच्या संघाबाहेर होता आणि फ्रान्समधल्या पुष्कळ लोकांना तोच हवा होता. २०१६ च्या मेमध्ये, युरोपातल्या देशांच्या युरो स्पर्धेच्या तोंडावर, नाँतला कॅमेरूनविरुद्ध मॅच होती. त्यात जिरूनं गोल मारला, तरी स्वतःच्याच देशाच्या लोकांनी त्याच्यावर शिट्ट्या मारल्या. तिकडे शिट्टी म्हणजे कौतुक नाही, हाकलणं. आपल्या रविवारपेक्षा किती पट मोठं मैदान ते, विचार कर. दहा-बारा दिवसांत युरो सुरू झाला आणि स्पर्धेतला पहिला गोल कुणाचा? जिरूचा, हेडर, रुमानियाविरुद्ध.

मग २०१८ चा वर्ल्ड कप. हे मात्र शांतपणे वाच. फ्रान्सच्या सातही मॅचमध्ये तो खेळला. गोल शून्य. गोलच्या दिशेनं नेमका गेलेला शॉटसुद्धा शून्य. आणि फ्रान्स जगज्जेता. त्याच्या संघातल्या एम्बापेचे चार गोल, ग्रीझमनचे चार गोल, ते सगळ्यांना पाठ आहेत. अर्जेंटिनाविरुद्ध एम्बापेनं मारलेल्या दुसऱ्या गोलाचा पास जिरूचा होता, हे विचारल्याशिवाय आठवत नाही. प्रशिक्षक देशां यांना मात्र तो काय करतोय ते माहीत होतं, म्हणून शिट्ट्या वाजोत नाहीतर आकडा शून्य राहो, जर्सी त्याच्याच अंगावर राहिली.

संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत तू असतोसच. त्या उंच काठ्या, सातही नंदीध्वज, उभे हलत येतात, तेव्हा लोक वर बघतात, हात जोडतात. खाली बाराबंदी घातलेला जो माणूस कमरेवर तो भार पेलत असतो, त्याच्या पायांकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी लहान असताना वडिलांनी एकदा माझी मान धरून खाली वळवली होती. "वर काय बघतोस, त्याच्या टाचा बघ." घामानं भिजलेला तो माणूस टाच आधी जरा दाबून मगच पुढचं पाऊल टाकत होता. त्या दिवसापासून माझी नजर आधी खाली जाते. प्रेक्षकांचंही असंच होतं. कुणीतरी एकदा मान वळवून द्यावी लागते. कधी ती वळवणारा प्रशिक्षक असतो, कधी बाजूला बसलेला म्हातारा, आणि बऱ्याचदा तो माणूस नसल्यावर संघ कसा विस्कटतो ते बघून लोकांचं त्यांनाच कळतं.

प्रेम सगळ्यात आधी संघातल्या पोरांचं बसतं, हे मी इतकी वर्षं बघत आलोय. रविवारी तू बघितलं नाहीस, मी बघितलं. गोलनंतर मिठ्या सोडवून घेत तुझा विंगवाला तुझ्याकडे आला, तुला हात देऊन उठवलं आणि तुझ्या मानेवर तळवा ठेवून काहीतरी बोलला. तू खाली बघत होतास. भिंतीवरची पोरंही हे बघतात रे. तो ज्याच्यापाशी जातो तो कोण, हा प्रश्न त्यांच्या मनात एकदा आला की अर्धं काम झालं.

बाकीचं अर्धं काम एखाद्या दिवसाचं असतं. जिरू २०२१ मध्ये इटलीतल्या एसी मिलान क्लबला गेला, तेव्हा तिथली नऊ नंबरची जर्सी शापित समजली जायची. आधीचा गाजलेला नऊ नंबर इंझागी गेल्यापासून ती घालणारा कुणी टिकत नव्हता. त्यानं नेमकी तीच घेतली. २०२२ च्या ५ फेब्रुवारीला त्याच शहरातल्या इंटर क्लबविरुद्धच्या डर्बीत मिलान एका गोलानं मागे होतं. पंचाहत्तराव्या मिनिटाला जिरूचा गोल. तीन मिनिटांनी, गोलसमोरच्या डीमध्ये बॉल घेऊन गर्रकन वळून, दुसरा. इटालियनमध्ये "वळला" या शब्दाचा उच्चार त्याच्या नावाशी जुळतो, लोकांनी त्यावर घोषणा बांधली आणि मैदान दणाणून गेलं. मे महिन्यात शेवटच्या मॅचमध्ये पुन्हा दोन गोल, आणि मिलानला अकरा वर्षांनी लीग. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, छत्तिसाव्या वर्षी, वर्ल्ड कपमध्ये पोलंडविरुद्ध त्यानं फ्रान्ससाठी ५२ वा गोल मारला आणि थिएरी ऑन्रीचा देशासाठी सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला. पास कुणाचा होता? एम्बापेचा. त्या एका पासचा मला फार आनंद झाला, आजही होतो.

आता तुझं माप तुझ्या पदरात घालतो. दुसऱ्या हाफमध्ये डावीकडून आलेला क्रॉस, तू मोकळा होतास, हेडर बारवरून गेला. तिथं लोक चुकले नाहीत, तू चुकलास. तू डोळे मिटलेस. पाठ लावून खेळणं हे तुझं भांडवल आहे, पण त्याच्या आड लपू नकोस. नऊ नंबरनं महिन्यातून दोन-तीन गोल तरी मारलेच पाहिजेत, नाहीतर लोकांनी बघायला थांबायचं तरी का? आणि गोल झालाच तर भिंतीकडे बघून तोंडावर बोट ठेवायचं नाही. रविवारच्या आधी तुझ्या मनात ते होतं, मला माहीत आहे, तुझ्या दोस्तानं सांगितलं. त्यांना गप्प करशील तर तू गोल मारत नसशील तेव्हा ती पोरं तुझ्या बाजूनं कशी बोलतील?

एखाद्याला हे प्रेम मिळतच नाही, हेही सांगून ठेवतो. माझ्यासोबत एक पोरगा खेळायचा, तुझ्याहून ताकदवान. आम्ही त्याच्या जिवावर मॅच काढायचो. त्याच्यावर लोक ओरडायचे तेव्हा आम्ही अकराजणांतले दहा खाली बघत राहायचो. मीही. एका पावसाळ्यात तो यायचा बंद झाला. तुझ्या वेळी मी खाली बघणार नाही. पुढच्या मॅचला मी भिंतीवर पोरांच्या मधोमध बसणार आहे, आणि तुझ्याकडे बॉल आला की शेजारच्याला दाखवणार आहे, आता याचा डावा हात बघ.

गड्ड्याची जत्रा सुरू होईपर्यंत होम मैदान आपल्याला मोकळं आहे. उद्या सहाला ये. विंगवाल्यालाही आण, त्याचे क्रॉस फार लांबून येतात. घोट्याला रात्री बर्फ लाव. मी चार बॉल घेऊन येतो; पन्नास हेडर, डोळे उघडे ठेवून.

तुझा,
सर